माळ्यावरच्या अकरा काठ्या

लातूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. आरती,

अनेक आशीर्वाद. तुझं जानेवारीतलं पत्र वेळेवर मिळालं होतं, उत्तराला मीच महिना लावला. रागावली असशील तर खुशाल रागाव. वर्गात मी तुम्हाला गृहपाठाला एका दिवसाची सवलत देत नव्हतो, तेव्हा आता मला तक्रारीला जागा नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या काकूंचे गुडघे आहेत तसेच आहेत. आमच्या मुग्धाचं बाळ रांगायला लागलं. ती पुण्याहून रोज व्हिडिओ पाठवते आणि काकू तो गल्लीभर दाखवून येतात. मला मठाच्या कमिटीवर घेतलं आहे. काम विशेष नाही, उत्सवात मांडवाकडे बघायचं आणि पंगतीत वाढप्यांवर ओरडायचं. ते मला जमतं. तुझी ड्यूटी कशी चालली आहे? नर्सिंगच्या मुलींना जेवायलासुद्धा वेळ मिळत नाही असं ऐकतो. डबा न्यायचा आळस करू नकोस.

मागच्या आठवड्यात मी नांदेडला आलो होतो. सर आले आणि भेटले नाहीत, असं म्हणशील. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण वेळ भरपूर होता. तुझ्या दवाखान्याकडे जायला रिक्षासुद्धा विचारली, आणि मग बसस्टँडवर दीड तास नुसता बसून परत आलो.

कशासाठी आलो होतो ते ऐकून हसशील. जुन्या नांदेडात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत हणमंतरावांचं जाळी, दोर आणि गळांचं दुकान आहे. त्यांच्या माळ्यावर फायबरच्या जुन्या काठ्या पडून होत्या. पिवळट, जाड, हातात धरली की मनगट दुखावं अशा. बारा-पंधरा वर्षांपूर्वी आणल्या, तेवढ्यात काळ्या, हलक्या कार्बनच्या काठ्या बाजारात आल्या आणि यांना कोणी विचारेना. मी त्या मागितल्या तर हणमंतराव माझ्याकडे बघतच राहिले.

"सर, ह्या कशाला? म्या तर आता तुरी झोडायला देणार व्हतो कुणाला."

"किती आहेत?"

"मोजल्या कुणी? तुम्हाला एक पाहिजे आसंल तर नवी काळी दावतो."

"एक नको. सगळ्या काढा."

अकरा निघाल्या. दोन काठ्यांची वरची कडी गंजली होती, एकीच्या मुठीचं बूच उंदरांनी खाल्लं होतं. त्याही घेतल्या. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "मास्तर, मांडवाचा ठेका घेतला का?" आणि घरी काकूंना मी सांगितलं की मठाच्या पताकांसाठी आहेत.

हो, खोटं सांगितलं. मी गळ टाकतो हे तुझ्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे आणि माझ्या घराला नाही. आमच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही, तिथे मासे धरणारा नवरा कुठे बसवायचा? खाल्ला मी कधीच नाही. धरला तो तुझ्या आप्पांच्या टोपलीत टाकला. पण वीस वर्षं दर रविवारी पहाटे मी 'फिरायला' जातो, तेही मोटारसायकलवरून, आणि काकूंनी कधी विचारलं नाही की फिरणाऱ्या माणसाला पेट्रोल कशाला लागतं.

तुझा प्रश्न मी विसरलो नाही. पावसाळाभर तुमच्या तलावात कोणीतरी वरच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडत होतं, सकाळी मेलेल्या माशांचा थर काठाला लागत होता. नोव्हेंबरात तुझे आप्पा त्याच तारेखाली मरून पडलेले सापडले, शेजारच्या झुडपात वायरीचं भेंडोळं मिळालं, आणि गावाने चोर सापडला असं ठरवून टाकलं. तू लिहितेस, "आप्पांची बांबूची काठी घरी वळचणीला होती. काठी घरी, मग आप्पा तलावावर काय करून राहिले होते? पोलीसही तेच म्हणाले. सर, तुम्ही त्यांना वीस वर्षांपासून ओळखता. तुम्हीच सांगा, आप्पांनी आकडा टाकला होता का?"

तुझे आप्पा सज्जन होते. बाकी समक्ष भेटीत बोलू.

तुझा,
उदगीरकर सर

---

लातूर,
२ मार्च २०२५

चि. आरती,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मीच पुन्हा लिहितो.

त्या अकरा काठ्यांचं काय केलं ते सांगतो. निवृत्त माणसाने काहीतरी उद्योग करावा असं काकू म्हणतात, तो सापडला आहे. लातूरच्या आसपास जिथे जिथे हौशी लोक गळ टाकून बसतात तिथे मी जातो, ज्याच्या हातात काळी काठी दिसेल त्याला गाठतो, आणि माझी पिवळी देऊन त्याची काळी मागतो. लोक मला वेडा समजतात. एकाने तर माझ्यामागे कोणी घरचं माणूस आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सात काठ्या गेल्या. सात काळ्या काठ्या आणून मी त्यांचे तुकडे केले.

परवा मुरुडकडच्या तलावावर शेषेराव म्हणून एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर भेटले. माणूस हुज्जत घालणारा, म्हणजे माझ्याच जातकुळीतला.

"ही लई जड हाय, सर. हिच्यानं दिवसभर बसायचं म्हंजी हमाली."

"जड असली तरी घ्या. कार्बनमधून वीज जाते. वरून तार गेलेली असली आणि टोक लागलं, तर तुम्ही संपलात."

"आन् हिच्यातून न्हाई जात?"

"कोरडी असेल तर नाही. ओली असली तर हिचाही भरवसा नाही. तारेखाली बसूच नका, हे खरं. पण माणूस चुकतो, तेव्हा हातात ही असावी."

"आसं कुठं झालंय का कधी?"

"झालंय."

"कुठं?"

मी म्हणालो, पेपरात वाचलं. त्यांनी काठी बदलून दिली, पण चेहऱ्यावर काही पटल्यासारखं नव्हतं. वर्गात खोटं बोलणारं पोर मला शेवटच्या बाकावरूनही ओळखू यायचं. आता त्या पोराच्या जागी मी होतो.

येताना तुमच्या गावी जाऊन आलो. तुझ्या आजी साखराबाई भेटल्या. त्या आता ओसरीवरसुद्धा बसत नाहीत, आतल्या खोलीत असतात. हापशावर बायका त्यांना 'करंटवाल्याची माय' म्हणतात, हे मला शेजारच्या नागुबाईने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज तसा दुःखी नव्हता. आजींनी मला चहा दिला. म्हणाल्या, "सर, माझ्या लेकानं दुसऱ्याच्या बांधावरलं लिंबू कधी तोडलं न्हाई. तुम्हाला तर ठाव हाय. तुम्ही सांगा की लोकांला. तुमचं ऐकतेत."

मी चहा प्यालो आणि उठलो. साखर जास्त झाली होती, तेवढं मात्र बोललो. असा माणूस आहे मी.

एक गोष्ट तुला कळवायची आहे. आप्पांच्या दहाव्याला सरपंच वैजनाथने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सर, दर ऐतवारी तुम्ही संगं आसता. त्या दिशी न्हवता का?" मी नाही म्हणालो. ते उत्तर पुरतं बरोबर नव्हतं. आज एवढंच लिहवतं.

तुझा,
उदगीरकर सर

---

लातूर,
गुरुवार, २० मार्च २०२५

आरती,

तुझं पत्र काल आलं. चारच ओळी. 'सर, पुरतं बरोबर नव्हतं म्हणजे काय, ते मी आता विचारत नाही. मला दुखवायचं नाही म्हणून तुम्ही गप्प आहात, हे समजलं. म्हणजे आप्पा तसेच होते. गावचं घर बंद करून आजीला नांदेडला आणते आहे, यापुढे आप्पांचं नाव मी कोणापुढे काढणार नाही.'

मी गप्प राहिलो आणि तू त्याचा हा अर्थ लावलास. माझ्या गप्प बसण्याला तू चांगुलपणा समजलीस. पोरी, तो चांगुलपणा नव्हता, भित्रेपणा होता. आता सरळ लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा माशांच्या आणि मठाच्या गोष्टी सांगत बसेन.

तुझ्या आप्पांनी आकडा टाकला नव्हता. ते माझ्यासोबत होते. ते गळ टाकत होते, मी दिलेल्या काठीने.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांना फोन केला होता, "रामलिंगराव, उद्या काठी आणू नका. हात हलवत या." म्हणून त्यांची बांबूची काठी वळचणीला राहिली. ज्या गोष्टीवरून पोलिसांनी आणि गावाने त्यांना चोर ठरवलं, ती माझ्या सांगण्यावरून झाली. त्यांच्यासाठी मी हणमंतरावांकडून कार्बनची काठी आणली होती, दुकानातली सगळ्यात भारी. वीस वर्षं त्यांच्या बांबूला मी हसत आलो. यांना एकदा खरी काठी कशी असते ते दाखवावं, असं माझ्या मनात होतं. मैत्री होती त्यात, पण मिरवायची हौस जास्त होती.

या वर्षी तलाव तुडुंब भरला. आमची नेहमीची जागा पाण्यात गेली, म्हणून आम्ही वर, शेतातल्या पाण्याच्या मोटारींना जाणाऱ्या विजेच्या लाइनीखाली बसलो. तिथे तार खाली झुकलेली आहे. आप्पांनी काठी हातात घेतली, पोराने नवी सायकल बघावी तशी फिरवून पाहिली. मग वर बघून म्हणाले, "सर, वर तार हाय."

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. "या हप्त्यात लाईट रात्रीची आहे, तार मेलेली आहे. आणि काठीच आहे ती, तिला काय होतंय? टाका बिनधास्त."

लाईट एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रात्रीची, हे आपल्याकडे लेकरालाही पाठ असतं. त्या हप्त्याचं वेळापत्रक शनिवारी बदललं होतं आणि आम्हा दोघांनाही ते कळलं नव्हतं. पण मी त्याच्यामागे लपणार नाही. आठवीत मी तुम्हाला काय करून दाखवलं होतं? सेल, बल्ब, आणि मधे शिसपेन्सिलीचं टोक. बल्ब लागला तेव्हा तूच टाळी वाजवली होतीस. ग्रॅफाइट हा कार्बन आहे आणि तो विजेचा सुवाहक आहे, हे वाक्य मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. त्या सकाळी कार्बनची काठी माझ्यासमोर होती, वर तार होती, आणि मला ते वाक्य आठवलं नाही. आप्पांना शंका आली होती. त्यांनी मला विचारलं. मी सर होतो म्हणून त्यांनी माझं उत्तर मानलं.

त्यांनी काठी मागे नेऊन वर उचलली. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि ते खाली पडले. लाईन उडाली.

यापुढचं तू नर्स म्हणून वाचू नकोस असं लिहिणार होतो, पण तू वाचायलाच हवं. मी नाडी पाहिली, मला लागली नाही. अशा वेळी छातीवर दाब देत राहायचा, माणूस परत येऊ शकतो, हे मला ठाऊक होतं. शाळेच्या पटांगणात मुलांना मी ते उशीवर करून दाखवलेलं आहे. मी दिला नाही. फोन खिशात होता, केला नाही. सव्वासात वाजले होते. एका मेंढक्याने त्यांना पाहिलं तेव्हा साडेनऊ झाले होते. ते जागच्या जागी गेले होते, असं मी स्वतःला रोज सांगतो. मला ते माहीत नाही.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं, सांगू? पंचनामा होईल. पेपरात नाव येईल. मठाच्या कमिटीतला मार्तंड उदगीरकर तलावावर मासे धरताना. काकूंना कळेल. तुझे आप्पा माझ्या पायाशी पडले होते आणि मला माझ्या घरच्या सोवळ्याची पडली होती. मी दोन्ही काठ्या उचलल्या, कणकेच्या गोळ्याची डबी उचलली, पिशवी उचलली. तिथे गळाचा एक तुकडासुद्धा ठेवला नाही. ते भेंडोळं कोणाचं होतं मला माहीत नाही, खऱ्या चोरांचंच असणार. पण काठी मी नेली नसती तर त्या वायरीकडे कोणी पाहिलं नसतं. बांधाच्या वाटेने मी लातूरला आलो आणि अकरा वाजता पूजेला बसलो.

मग तुझं पत्र आलं आणि मला झोप लागेना, तेव्हा मी नांदेडला गेलो. जुन्या काठ्या घेऊन, वाटून, दुसरा कोणी मरू नये एवढं केलं की आपलं झालं, असं मला वाटत होतं. हणमंतरावांनी मला ओळखलं. काठ्या बांधता बांधता म्हणाले, "मागं दोस्तासाठी ती भारी काळी नेली व्हती ना? कशी निघाली?" मी म्हणालो, चांगली निघाली. तुझ्या दवाखान्यात यायचं म्हणून निघालेला माणूस त्या उत्तरानंतर बसस्टँडवर दीड तास बसून राहिला.

काल तुझं पत्र वाचल्यावर काकूंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आकाश कोसळेल. त्या भाजी निवडत होत्या. "वीस वर्षं?" एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या पोरीला कळवलंत का?" नाही म्हटल्यावर ताट बाजूला सारून उठल्या आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. मासे हा विषय त्यांनी काढलासुद्धा नाही. ज्याच्यासाठी मी तुझ्या आप्पांना तिथे टाकून आलो, ते एवढंसं होतं.

आता काम. ती काळी काठी माझ्याकडे आहे. टोक जळलेलं आहे, मुठीपर्यंत चिरलेली आहे. काठीची पावती हणमंतरावांच्या दुकानातली आहे, तिच्यावर माझं नाव आहे. शनिवारी संध्याकाळच्या फोनची नोंद निघेल. हे सगळं घेऊन मी आज दुपारच्या गाडीने निलंग्याला पोलिसांकडे जातो आणि लेखी जबाब देतो. तिथून तुमच्या गावी जाऊन वैजनाथला आणि आजींना, चार माणसांसमोर, हेच सांगतो. आजी काय म्हणतील ते ऐकून घेतो.

पण मी एकदा पळालेला माणूस आहे. माझा मला भरवसा नाही. म्हणून आधी पोस्टात जाऊन हे पत्र रजिस्टरने टाकतो आणि मगच स्टँडवर जातो. मी वाटेत उतरलो, पोचलो नाही, किंवा तिथे जाऊन पुन्हा काहीबाही बोललो, तरी हे पत्र तुझ्या हातात असेल. ते फाडू नकोस. पोलिसांना दे, सरपंचाला दे, गावात पारावर मोठ्याने वाच. प्रत्येक पानाखाली मी सही केली आहे.

घर बंद करू नकोस, आरती. आजींना गावाबाहेर नेऊ नकोस, निदान या कारणासाठी नको. आप्पांचं नाव घे. सगळ्यांपुढे घे.

दर पत्रात आशीर्वाद लिहीत आलो, आज तो लिहायला हात धजत नाही. क्षमाही मागत नाही. ती द्यायची की नाही हे ठरवायचं कामसुद्धा तुझ्यावर टाकणं बरं नव्हे.

मार्तंड राघवेंद्र उदगीरकर,
वय एकसष्ट, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार लातूर,
रविवार दिनांक १७ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी सव्वासात वाजता
रामलिंग सटवाजी सूर्यवंशी यांच्यासोबत जागेवर हजर असलेला इसम.